‘शॉर्ट सर्किटमुळे आग’ छापण्याआधी एक भागाकार करून बघा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

पत्र लांब झालंय, कापलंत तरी चालेल पण आकडे तेवढे कापू नका ही पहिलीच विनंती. मी कराडचा वायरमन आहे, आयटीआय करून २६ वर्षं हेच काम करतोय, घरगुती वायरिंग जास्त आणि सीझनला शेतीपंपाचे स्टार्टर. दुकान उघडलं की आधी आपला पेपर वाचतो. आणि त्यात आगीची बातमी असली, कुणाचं घर जळालं, कुणाचं कापडाचं दुकान, कुणाचा गोठा, की शेवटी एक वाक्य ठरलेलं असतं, ‘आग शॉर्ट सर्किटमुळे लागल्याचा प्राथमिक अंदाज आहे’. पुढं तपासात काय निघालं ते परत कधी छापून येत नाही. त्यामुळं लोकांच्या डोक्यात असं बसलंय की शॉर्ट सर्किट म्हणजे नशिबाचा भाग, वीज कोसळावी तसं, आपल्या हातात काय आहे. मी आजपर्यंत जेवढे जळके बोर्ड उघडलेत त्यातल्या बहुतेकांत सुरुवात शॉर्टनं झालेलीच नव्हती, लूज जोडानं झाली होती, आणि हे समजायला इंजिनिअर व्हायला लागत नाही, नववीतला भागाकार आणि गुणाकार पुरतो. तेच लिहायला बसलोय.

गेल्या थंडीतली गोष्ट. रविवारी सकाळी थोरल्या बहिणीचा फोन आला, म्हणाली, ‘अरे, बाथरूमकडं सुकट भाजल्यासारखा वास येतोय, आमच्यात कोण खात नाही, शेजारी विचारलं तर त्यांच्यातही काय केलेलं नाही.’ मी म्हणालो, ‘आक्का, गीझरचा खटका आधी बंद कर, प्लगला हात लावू नकोस, मी आलोच.’ कारण हा वास वायरमन लोकांना पाठ असतो. स्विच आणि सॉकेट ज्या कडक पांढऱ्या प्लॅस्टिकचे असतात त्यातली काही प्लॅस्टिकं जास्त तापली की त्याला मासळीसारखा वास मारतो. घरात मासळी नसताना तसा वास आला तर बोर्ड बघायचा, हे कुणीतरी मोठ्या अक्षरात छापायला पाहिजे.

मुलगी नववीत आहे, ती पण माझ्याबरोबर आली. गेल्यावर बघितलं तर सॉकेटचा चेहरा न्यूट्रलच्या, म्हणजे करंट परत जायच्या वायरीच्या, भोकाभोवती पिवळा पडून तपकिरी व्हायला लागलेला. एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा बोर्डातला खटका, पडलेली नव्हती, आरसीसीबी, म्हणजे करंट कुठं गळला की पडणारा खटका, ती पण पडलेली नव्हती, आणि आक्काचं पहिलं वाक्य हेच, ‘काय झालं असतं तर एमसीबी पडली असती की.’ ह्या वाक्यासाठी मी हे पत्र लिहितोय. ही समजूत जवळजवळ प्रत्येक घरात आहे आणि ती चुकीची आहे.

मी गीझर पाच मिनिटं परत चालू केला, मुलीला लांब उभं केलं आणि मीटर काढले. टाँग टेस्टर, म्हणजे वायरीभोवती चिमट्यासारखं लावून करंट मोजायचं मीटर, फेजच्या (करंट येणाऱ्या) वायरीला लावला तर ८ अँपिअर. मेन बोर्डवर व्होल्टेज २१९. गीझरच्या आत जिथं वायर येऊन चिकटते तिथं २१२. मुलीला म्हणालो वहीत लिही. गीझरच्या प्लेटवर लिहिलेलं होतं २३० व्होल्ट, २००० वॉट. आता गणित बघा. २००० ला २३० नं भागलं की ८.७ अँपिअर येतात, एवढा करंट ह्या गीझरनं पूर्ण व्होल्टेजला घ्यायला पाहिजे. २३० ला ८.७ नं भागलं की साधारण २६.४ ओहम, हा त्याच्या कॉइलचा रेझिस्टन्स, पुस्तकात ज्याला रोध म्हणतात तो. आणि आम्ही मोजलेलं काय, २१२ भागिले ८, म्हणजे २६.५ ओहम. म्हणजे गीझर ठणठणीत आहे, कॉइलला काही झालेलं नाही. २१२ गुणिले ८ केलं की १६९६, एवढे वॉट पाण्याला मिळतायत. व्होल्टेज भागिले करंट म्हणजे रेझिस्टन्स, व्होल्टेज गुणिले करंट म्हणजे पॉवर, झालं. दोन आकडे मोजले की उरलेले दोन आपोआप हातात येतात.

पण मेन बोर्डवर २१९ आणि गीझरवर २१२, मग मधले ७ व्होल्ट कुठं गेले? मुलीनं विचारायच्या आधी मीच तिला विचारलं. वायर अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची, बोर्डपासून बाथरूमपर्यंत १२ मीटर, जाऊन येऊन २४ मीटर. अडीचच्या तांब्याच्या वायरीचा रेझिस्टन्स एक किलोमीटरला साडेसात ओहमच्या आत असतो, म्हणजे २४ मीटरला जेमतेम ०.१८ ओहम. त्यातून ८ अँपिअर गेले की १.४ व्होल्ट पडतात. हे ठीक आहे, प्रत्येक वायरीत थोडं पडणारच. राहिले ५.६ व्होल्ट. मल्टीमीटरची एक पिन सॉकेटच्या मागं न्यूट्रलच्या वायरीच्या उघड्या तांब्यावर ठेवली आणि दुसरी सॉकेटच्या पितळी क्लिपवर, म्हणजे पेचाच्या अलीकडं आणि पलीकडं, मधे फक्त तो एक पेच. मीटरवर आले ५.६ व्होल्ट. चांगल्या आवळलेल्या पेचावर तिथं शून्याला लागून काहीतरी दिसायला पाहिजे.

५.६ ला ८ नं भागा, ०.७ ओहम. एवढासा आकडा, ऐकून कुणी घाबरणार नाही. पण ५.६ गुणिले ८ करा, ४५ वॉट. आमच्याकडं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाले जी शिशाची कामं करतात त्यांची सोल्डरिंग इस्त्री बहुतेक २५ वॉटची असते आणि ती डाग वितळवते. तिच्या जवळजवळ दुप्पट उष्णता हरभऱ्याएवढ्या पेचाच्या टोकाला, प्लॅस्टिकच्या आत, भिंतीच्या आत, रोज सकाळी तास-दीड तास. आणि सगळ्या वायरीत मिळून जी उष्णता होते ती ११ वॉट, पण ती २४ मीटरवर पसरलेली, मीटरला अर्धा वॉटसुद्धा नाही, हाताला कळणारही नाही. एकूण वॉटला घाबरायचं नसतं, ते केवढ्या जागेत कोंबलेत ते बघायचं असतं.

आता एमसीबी का पडली नाही ते. जोड नीट असता तर त्या दिवशी करंट असता ८.२ अँपिअर. लूज जोडानं मधे ०.७ ओहमची भर घातली म्हणून तो कमी होऊन ८ झाला. कमी झाला! एमसीबी १६ अँपिअरची, तिला दिसतायत ८, ती बिचारी म्हणणार सगळं आलबेल आहे, उलट मगापेक्षा बरं आहे. आरसीसीबी बघते ती फेजनं गेलेला करंट आणि न्यूट्रलनं परत आलेला करंट सारखा आहे का, इथं ८ गेले आणि ८ च परत आले, कुठं गळती नाही, मग ती तरी का पडेल. दोन्ही चांगल्या कंपनीच्या होत्या, दोन्ही चालू होत्या, आणि दोन्हीतल्या एकीलाही आपल्या शेजारी ४५ वॉटची इस्त्री पेटलीय हे कळायचा मार्ग नव्हता.

ह्याच्या शेजारी खरं शॉर्ट सर्किट ठेवून बघा. फेज आणि न्यूट्रल एकमेकाला टेकले, मधे गीझर नाही, काही नाही, फक्त वायरीचा रेझिस्टन्स, बाहेरची सर्व्हिस वायर वगैरे धरून समजा अर्धा ओहम. २३० भागिले अर्धा, ४६० अँपिअर. घरात वापरतात त्या सी टाइपच्या १६ अँपिअरच्या एमसीबीला झटक्यात पडायला पाच ते दहा पट करंट लागतो, म्हणजे ८० ते १६०, इथं तर ४६० आले, ती डोळ्याची पापणी लवायच्या आत पडते. शॉर्टमधे रेझिस्टन्स जवळजवळ नाहीसा होतो आणि करंट आभाळाला जातो, लूज जोडात रेझिस्टन्स वाढतो आणि करंट थोडा कमी होतो. दोन्ही एकमेकाच्या बरोब्बर उलट आहेत, आणि आपण दोन्हीला एकच नाव देतो.

शॉर्टनं आग लागतच नाही असं मी म्हणत नाही. किटकॅट फ्यूजमधे, म्हणजे जुन्या बोर्डावरच्या तार भरायच्या फ्यूजमधे, जाड तार भरलेली असली, एमसीबी सारखी पडते म्हणून कुणी ३२ किंवा ४० ची बसवलेली असली तर शॉर्टनंही आग लागते आणि वाईट लागते. पण जिथं एमसीबी बरोबर होती तिथं क्रम बहुतेक असा असतो की आधी जोड तापतो, घरातली साधी पीव्हीसी वायर ७० डिग्रीपर्यंत चालायला बनवलेली असते, ते कव्हर मऊ होतं, काळं पडतं, सुटून येतं, आणि शेवटी कधीतरी फेज-न्यूट्रल टेकतात आणि एमसीबी पडते. तोपर्यंत आतलं प्लॅस्टिक पेटलेलं असतं. दुसऱ्या दिवशी बघायला येणाऱ्याला तांब्याचे वितळलेले मणी दिसतात, तो म्हणतो शॉर्ट सर्किट. मणी खरे असतात, पण ते गोष्टीच्या शेवटचं पान असतं.

जोड मुळात लूज का झाला हे सांगायला हवं, कारण तो जोड माझाच होता. अकरा वर्षांपूर्वी आक्काच्या घराचं वायरिंग मीच केलेलं. पेच आवळलेला होता हे मला शपथेवर आठवतंय, पण वायरीच्या सात तारांपैकी दोन बाहेर राहिलेल्या दिसल्या, घाईत पीळ नीट बसला नसणार. पाच तारांवर जोड धरून राहिला. रोज गीझर लागला की पेच तापून फुगतो, बंद झाला की आकसतो, असं हजारो वेळा, त्यात थोडा सैल होतो, सैल झाला की तांब्यावर काळा थर धरतो, तो वीज नीट जाऊ देत नाही, रेझिस्टन्स वाढतो, म्हणजे उष्णता वाढते, म्हणजे अजून सैल होतो. दहा वर्षं काही कळत नाही आणि मग एका थंडीत दिसायला लागतं. मी तेव्हापासून माझ्या जुन्या गिऱ्हाइकांकडं फोन करून गीझर आणि एसीच्या सॉकेटचे पेच फुकट तपासून देतोय, आत्तापर्यंत बरीच घरं झाली, अजून यादी मोठी आहे.

घरी परत येताना गाडीवर मुलीनं मला एक प्रश्न विचारला आणि त्याचं उत्तर द्यायला मला संध्याकाळ गेली. म्हणाली, ‘पप्पा, सरांनी पॉवरची तीन सूत्रं दिलीत. व्होल्टेज गुणिले करंट हे ठीक आहे. पण दुसऱ्यात करंटचा वर्ग गुणिले रोध, म्हणजे रोध वाढला की पॉवर वाढते. आणि तिसऱ्यात व्होल्टेजचा वर्ग भागिले रोध, म्हणजे रोध वाढला की पॉवर कमी होते. दोन्ही बरोबर कशी?’ नव्वद मार्क पडणारी पोरं हा प्रश्न विचारत नाहीत, कारण ते आकडा दिला की सूत्रात घालतात आणि उत्तर येतं. पण प्रश्न फार मोलाचा आहे, मला आयटीआयमधे सुद्धा कुणी हा नीट सोडवून सांगितलेला नव्हता, मी कामावर शिकलो.

तिला कागदावर तो ०.७ ओहमचा जोडच घालून दाखवला. २३० चा वर्ग ५२,९००, त्याला ०.७ नं भागलं की ७५,००० वॉटच्या वर जातं. एवढी पॉवर तर गावच्या डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, निम्म्या आळीला पुरंल, ती एका पेचात कशी असेल. चूक कुठं झाली? चूक ही की त्या पेचाच्या वाट्याला २३० व्होल्ट आलेलेच नाहीत, त्याच्या दोन टोकांमधे मोजले ते ५.६ व्होल्ट. ५.६ चा वर्ग ३१.३६, भागिले ०.७, आले ४५. आणि ८ चा वर्ग ६४, गुणिले ०.७, आले ४५. आणि ५.६ गुणिले ८, आले ४५. तिन्ही सूत्रं एकच सांगतात, फक्त व्होल्टेज कुणाचं ते विचारायचं असतं, ज्या वस्तूचा हिशोब करतोय तिच्या दोन टोकांमधलं व्होल्टेज घ्यायचं, भिंतीतलं नाही. गीझर, इस्त्री, बल्ब ही सगळी घरात २३० व्होल्टला आडवी जोडलेली, त्यांचं व्होल्टेज ठरलेलं, म्हणून तिथं रेझिस्टन्स कमी तर पॉवर जास्त. २००० वॉटचा गीझर २६ ओहम, हजार वॉटची इस्त्री ५३ ओहम, जुना शंभरचा बल्ब ५२९ ओहम. पण जोड असतो गीझरच्या रांगेत उभा, त्याच्यातून किती करंट जायचा ते गीझर ठरवतो, तो ८ च्या आसपासच राहतो, म्हणून तिथं रेझिस्टन्स वाढला की उष्णता वाढते. व्होल्टेज ठरलेलं आहे का करंट ठरलेला आहे, एवढा एक प्रश्न आधी विचारला की नववी-दहावीतला सगळा गोंधळ सुटतो.

तिला अजून पटेना म्हणून दुकानातला सीरिज बोर्ड काढला. शंभरचा आणि चाळीसचा जुना बल्ब एकामागं एक जोडले. तिनं सांगितलं शंभरचा जास्त पेटणार. पेटला चाळीसचा, शंभरच्या तारेला नुसती लाली. कारण चाळीसच्या बल्बचा रेझिस्टन्स १३२० ओहमच्या वर, दोघांतून करंट एकच जातोय, मग ज्याचा रेझिस्टन्स जास्त त्याच्यात पॉवर जास्त. तिचे डोळे मोठे झाले ते बघून मला वाटलं हे शाळेत प्रत्येक पोरानं एकदा बघायला पाहिजे, पन्नास रुपयाचं सामान लागतं. बरं, बंद शंभरचा बल्ब मल्टीमीटरनं मोजला तर ५२९ नाही, ४० ओहमच्या आसपास दाखवतो, ते मीटर बिघडलेलं नसतं, टंगस्टनची तार गार असताना रेझिस्टन्स कमी असतो आणि पांढरी होईपर्यंत तापली की दहा-बारा पट वाढतो. म्हणून तर जुने बल्ब बटण दाबताक्षणी उडायचे. गीझरच्या कॉइलचं तसं नाही, ती गार मोजली काय आणि गरम मोजली काय फार फरक पडत नाही.

हा नियम सांगणारा जॉर्ज ओहम हा पेशानं शाळामास्तर होता, जर्मनीत, १८२७ साली त्यानं पुस्तक काढलं, आणि करंटच्या वर्गाच्या हिशोबात तार तापते हे इंग्लंडच्या जूलनं १८४० च्या सुमारास मोजून दाखवलं. म्हणजे दोनशे वर्षं व्हायला आली. नववीच्या पुस्तकात धडा आहे, दहावीत परत आहे, पोरं विभवांतर (म्हणजे व्होल्टेज) आणि रोध हे शब्द घडाघडा म्हणतात, आणि त्यांच्याच घरात आई सहा अँपिअरच्या एक्स्टेन्शन बोर्डावर हजार वॉटची इस्त्री आणि दीड हजारची किटली एकदम लावते. २५०० भागिले २३०, जवळजवळ ११ अँपिअर. सहाच्या जागी अकरा म्हणजे दुप्पटच्या आत आहे, चालेल, असं वाटतं. पण उष्णता वर्गाच्या हिशोबानं वाढते, ती सव्वातीन पटीच्या वर जाते. आणि एखादा तर कन्व्हर्टर प्लग लावून सोळाच्या जाड पिना सहाच्या सॉकेटात बसवतो, ते कन्व्हर्टर दुकानात खुलेआम मिळतात, मी ठेवणं बंद केलंय.

पाटणकडच्या वाड्यांमधून मला दरवर्षी फोन येतो, ‘गीझर तापतच नाही, कंपनीनं खराब माल दिला, बदलून द्यायला सांगा.’ डीपीपासून लांब शेवटच्या घरात संध्याकाळी व्होल्टेज १७० मिळतं. २३० चे १७० म्हणजे पाव कमी झालं, मग पाणीही पावपट कमी तापेल असं कुणालाही वाटतं. पण १७० ला २६.४५ ओहमनं भागा, ६.४ अँपिअर, म्हणजे करंट पण पाव कमी झाला, गुणाकार केला की २००० च्या जागी १०९३ वॉट. निम्म्याला आलं. १५ लिटर पाणी २० डिग्रीवरून ६० ला न्यायला २००० वॉटला २० मिनिटांच्या थोडं वर लागतात, १०९३ ला ३८ मिनिटं. गीझर चांगला आहे, व्होल्टेजची तक्रार करायला पाहिजे, आणि जुन्या भारतीय विद्युत नियमांत सुद्धा कमी दाबाच्या पुरवठ्याला सहा टक्क्यांचीच सूट दिलेली होती, म्हणजे २१६ च्या खाली जायलाच नको. हे गणित तक्रार अर्जात घातलं तर त्याला वजन येतं, नुसतं ‘लाइट कमी येते’ लिहिण्यापेक्षा.

आणि हे त्या तालुक्यात, जिथं कोयनेचं धरण आहे, १९६० मेगावॅटचा प्रकल्प. तिथून निघालेली वीज टॉवरवरून लाखो व्होल्टला का नेतात हेही ह्याच गणितात आहे. एक मेगावॅट २३० व्होल्टला न्यायची म्हटली तर चार हजारांवर अँपिअर, दोन लाख वीस हजार व्होल्टला नेली तर तीन फेजचा हिशोब बाजूला ठेवला तरी साडेचार अँपिअर. त्याच तारेत उष्णतेत जाणारी वीज नऊ लाख पटीनं कमी.

एक सावधगिरीची गोष्ट, हा सरळ भागाकार-गुणाकार गीझर, इस्त्री, शेगडी, जुना बल्ब असल्या नुसत्या तापणाऱ्या वस्तूंनाच लागू आहे. मोटरला नाही. पाच एचपीच्या तीन फेजच्या पंपाचा करंट साधारण साडेसात अँपिअर, पण त्याच्या पॉवरमधे पॉवर फॅक्टर नावाचा अजून एक आकडा गुणायला येतो, आणि मोटर व्होल्टेज कमी झालं की गीझरसारखी गप्प बसत नाही, पाणी तेवढंच उचलायचं म्हणून उलट जास्त करंट ओढते आणि वाइंडिंग जळतं. शेतकऱ्यांना हे अनुभवानं माहीत आहे, रिवाइंडिंगची पावती खिशात असते.

आता वाचकांनी काय करायचं. बोर्ड उघडू नका, मल्टीमीटर सॉकेटात घालू नका, ते आमचं काम आहे. पण मीटरवरचा बारीक लाल दिवा लुकलुकतो तो तर मोजता येतो. मीटरवर लिहिलेलं असतं एका युनिटला किती वेळा, आमच्याकडं बऱ्याच मीटरवर ३२०० असतं, तुमच्यावरचं बघा. घरातलं सगळं बंद करा, फक्त गीझर चालू ठेवा, घड्याळ लावून एक मिनिट लुकलुक मोजा. त्याला ६० नं गुणा आणि ३२०० नं भागा, किलोवॉट आले. मुलीनं त्या दिवशी दुरुस्तीच्या आधी, मी पाच मिनिटं चालवला तेव्हा, ९३ मोजले होते. ९३ गुणिले ६० भागिले ३२००, १.७४ किलोवॉट. गीझरला मात्र मिळत होते १६९६ वॉट, मधले पन्नासएक वॉट वाटेत. बऱ्याच मीटरच्या स्क्रीनवर व्होल्टेज पण येतं, म्हणजे पॉवर भागिले व्होल्टेज करून करंटही निघतो, एक रुपयाचं सामान न आणता. आणि गीझर अर्धा तास चालल्यावर बंद करून, खटका बंद आहे ह्याची खात्री करून, प्लग कोरड्या हाताच्या पाठीमागच्या बाजूनं नुसता टेकून बघा. कोमट असेल तर ठीक, हात ठेववत नसेल तर वायरमनला बोलवा, त्याच दिवशी बोलवा.

आपल्याकडं मागणं एवढंच आहे. आगीच्या बातमीत अग्निशमनवाल्यांना किंवा विद्युत निरीक्षकांना एक प्रश्न जास्तीचा विचारा, जळायला सुरुवात जोडावर झाली का वायरीच्या मधे, आणि एमसीबी किती अँपिअरची होती. उत्तर मिळालं नाही तर ‘कारण अजून समजलेलं नाही’ असं छापा, त्यानं वाचक सावध तरी राहील. आणि शाळेच्या पानावर कधीतरी नववीच्या पोरांना घरातल्या पाच वस्तूंच्या प्लेटा वाचून प्रत्येकीचा करंट आणि रेझिस्टन्स काढायला सांगा, चौकोन छोटा असला तरी चालेल, आकडे तपासून द्यायला मी आहे, दुकान दुपारी बंद असतं तेव्हा बसून करीन.

आक्काच्या घरी मी सॉकेट बदललं, वायरीचा जळका तुकडा कापून टोकाला लग, म्हणजे तारा एकत्र धरणारी धातूची टोपी, दाबला, सातही तारा आत आहेत हे मुलीला बॅटरी धरून बघायला लावलं. मग परत गीझर चालू केला. पेचावर मीटर ०.०२ व्होल्ट दाखवत होता. मुलगी जिन्यात मीटरसमोर उभी राहून मोजत होती, एका मिनिटाला ९६. जळका सॉकेट आणि काळी पडलेली प्लगची पिन दुकानाच्या काउंटरवर काचेखाली ठेवलीय, फोटो लागला तर पाठवतो.

आपला नेहमीचा वाचक,
एक वायरमन, कराड